चार तालमींचा कॅप्टन

शिडाच्या होडीतून पोरांना नेतृत्व शिकवायला आलेल्या सबनीस सरांनी कपाळाला हात लावला. कळंब्याच्या तलावात तीन दिवस होडी जागीच गोल फिरत होती. आतली चार पोरं एकमेकांशी खुन्नस असलेल्या चार तालमींची. एकाचं दुसरा ऐकेल तर शपथ! मागं सुकाणू धरून बसलेल्या रक्षिताला तर कुणी विचारतच नव्हतं.

चौथ्या दिवशी तीच होडी शर्यतीत पहिली आली.

"कॅप्टन कोण होता?" सरांनी विचारलं.

चार हात झटक्यात वर गेले.

"तू कसला? कॅप्टन मी हाय! रक्षितानं कानात सांगितलंय, कुणाला बोलू नगंस म्हणून!" सम्राट आदर्शवर डाफरला.

"मला बी तसंच म्हणाली की!"

सर वळले. रक्षिताचा हात अजून सुकाणूवरच होता.

"मग तू कोण गं?"

"मी व्हय? मी नुस्ती होडी चालवत हुतो, सर."