दुसरी हाक

खंडाळ्याच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात बॅरिस्टरसाहेबांनी आगबोटीतून आणलेलं एक जुनं विलायती चित्र होतं. गजबजलेला मासळीबाजार. काढणाऱ्यानं टवाळी म्हणून सगळ्या माणसांना माशांची तोंडं दिलेली, आणि प्रत्येक तोंड ओरडायला उघडलेलं. साहेब पाहुण्यांना ते दाखवून पोट धरून हसत. कामवाली कस्तुराबाई मात्र मान खाली घालूनच त्याची काच पुसायची.

बाईसाहेबांना तिचा एकच राग होता. ती पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे.

"बहिरी आहेस का गं?"

"न्हाई, बाईसाहेब. पयल्या हाकंला ओ देऊ नये. भुताला दुसऱ्यांदा हाक मारता येत न्हाई."

"पुरे झालं. उद्यापासून पहिल्याच हाकेला यायचं!"

त्याच आठवड्यात भर दुपारी दिवाणखान्यातून साहेबांचा आवाज आला, "प्रमिला!"

"आले हं," म्हणत बाईसाहेब लगबगीनं आत गेल्या. हातातलं भांडं टाकून कस्तुराबाई मागोमाग धावली, तर आत कुणीच नव्हतं. साहेब तर त्या दिवशी मुंबईला, कोर्टात होते.

पोलिसांनी पंधरा दिवस दरी धुंडाळली. मग साहेब बंगल्याची किल्ली कस्तुराबाईच्या हाती देऊन कायमचे निघून गेले.

आज दुपारी चित्र पुसताना काचेआडून बाईसाहेबांचा आवाज आला, "कस्तुरा!"



ओठांवर आलेला 'जी' तिनं कसाबसा गिळला. आणि दिवेलागण झाली तरी ती तिथंच उभी होती, दुसऱ्या हाकेची वाट बघत.