भिंगाची कडी

खिडकीतून आलेला सकाळचा कोवळा उजेड आधी भिंतीवर रेंगाळला, मग टेबलावर उतरून पितळेच्या किसावर पसरला. कानस खाली ठेवून तो त्या किसाकडे नुसता पाहत राहिला.

वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला भिंग बसावे म्हणून त्याने डोळा लावायची कडी घासून रुंद केली होती. डॉक्टर काहीही म्हणोत, मोठे दिसले की नाना पुन्हा फोटो काढतील, हे त्याने धरून ठेवले होते.

नानांनी कॅमेरा अंगणाकडे रोखून फोकस फिरवला; काचेतल्या दोन प्रतिमा जुळून एक झाल्या की त्या कॅमेऱ्याचा फोकस लागायचा. “वा रे कारागिरा, दोन जास्वंदींची एक झाली बघ. लागला फोकस.”

“स्पष्ट दिसतंय ना, नाना?”

“लख्ख.”

कीस आत जाऊ नये म्हणून पाहायच्या काचेवर समोरून लावलेली काळी पट्टी काढायची राहिली होती, हे त्याला तेव्हा दिसले.

नानांची दृष्टी गेली होती.