बॅटरी आठवडाभर पुरंल

"चाचा, हे आठ बल्ब नाहीत, आठ हत्ती आहेत," फारूख स्टुलावरून म्हणाला. गाडीच्या छतातला पिवळा बल्ब काढताना त्याचा हात भाजला होता. "तुमची बॅटरी हेच खातात."

कारभारी खाली उभे राहून गरम बल्ब जुन्या धोतराच्या फडक्यात गोळा करत होते. "म्हंजी बॅटरी खराब नाय?"

"बॅटरी एकदम मस्त. खानेवाले ज्यादा हो गये."

हे ऐकून कारभाऱ्यांना हायसं वाटलं.

ही गाडी त्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतली होती. आत पलंग, ओटा, छोटं बेसिन, टपावर सोलरची पाटी. बत्तीस वर्षं एसटीतून लोकांना फिरवलं, आता स्वतः फिरायचं, असा बेत होता. पण गेल्या वर्षी क्रांती चौकात गाडी दुभाजकावर चढली. कोणाला खरचटलंही नाही. तरी मुलानं, अभयनं, चावी काढून घेतली.

"आबा, यापुढं स्टेअरिंगला हात लावायचा नाय."

ज्या माणसानं बत्तीस वर्षांत एसटीला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्याला हे शब्द जिव्हारी लागले. "चावी तुझी, गाडी माझी," असं म्हणून त्यांनी वळकटी उचलली आणि घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभ्या असलेल्या गाडीत मुक्काम हलवला. अख्ख्या पुंडलिकनगरनं ते पाहिलं. बापलेकांचं बोलणं तुटलं. दोन वेळचा डबा तेवढा सून, मोनिका, आणून द्यायची.

चार महिने असेच गेले. मग गाडीतले दिवे जायला लागले. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, दिवेलागण झाली की गुडूप अंधार. थोड्या वेळानं अभय टॉर्च घेऊन यायचा. घरातून वायर ओढून गाडीमागच्या बॅटरीच्या पेटीत चार्जर जोडायचा आणि बॅटरी भरेपर्यंत आत येऊन समोरच्या बाकावर बसून राहायचा. पहिल्या दिवशी दोघंही मुकेच होते. पुढं सोयगावच्या शेतातल्या मक्याचं निघालं, वाळूजच्या कंपनीतल्या नव्या साहेबाचं निघालं. एकदा तर अभय हसलासुद्धा. चावीचं मात्र कोणी काढलं नाही.

मागच्या आठवड्यात खिडकी उघडी होती आणि मोनिकाचा आवाज कारभाऱ्यांच्या कानावर आला.

"आत्ता तर आलात कंपनीतून. दोन घास खाऊन तरी जा."

"आलोच," अभय म्हणाला. आवाज पार थकलेला होता.

ते ऐकल्यापासून कारभाऱ्यांना घास गोड लागेना. पोरगा दिवसभर राबून येतो आणि आपण त्याला पुन्हा कामाला जुंपतो. भांडण आपल्या जागी, पण लेकरावर ओझं कशाला? दुसऱ्याच दिवशी त्यांनी फारूखला फोन लावला. फारूख गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा आणि त्याच्या हाताला यश होतं.

"लाईट हळूहळू मंद होतो का एकदम जातो?" फारूखनं आता स्टुलावरून विचारलं.

"एकदम."

"हं." फारूखनं मान हलवली आणि पुढचा बल्ब काढला.

तासाभरात आठही एलईडी बसले. एक काही पेटेना. फारूखनं त्याच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि तोही लख्ख लागला. "जुन्याला कसंही जोडा, पेटायचा. याला उलटसुलट समजतं." मग त्यानं मीटर लावून आकडा दाखवला. "आधी चौदा अँपिअर जात होते, आता दीड. ऊन पडो न पडो, बॅटरी आठवडाभर पुरंल."

"मग पोराला यायचं काम नाय?"

"भैय्या कशाला येतील? बेफिकीर राहा."

"सुटलं बिचारं," कारभारी म्हणाले. डोक्यावरची मोळी उतरावी तसं त्यांना झालं.

दुपारी मोनिका डबा घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला नवे दिवे लावून दाखवले. "अभयला सांग, आता लाईट जायची नाय. म्हणावं, निवांत जेव."

"बरं केलंत आबा. लई दमतात हो ते."

त्या संध्याकाळी गाडी दुधासारख्या उजेडानं भरून गेली. कारभाऱ्यांनी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, निविदांसकट. कोणी आलं नाही. "बरं झालं," ते म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी तोच पेपर पुन्हा वाचला. "बरं झालं," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. मग डबा उघडला, अर्धी भाकरी खाल्ली आणि झाकून ठेवला.

तिसऱ्या दिवशी साडेसातला फट्‌कन अंधार झाला.

कारभारी चपापले. बटण दोनदा खालीवर केलं. काही नाही. आपण एवढी खात्री दिली आणि तिसऱ्या दिवशी हे! फारूखला फोन लावावा म्हणून ते चाचपडत उठले. गल्लीत तरी लाईट आहे का, ते बघायला त्यांनी मागच्या खिडकीचा पडदा बोटभर सारला.

गल्लीचा दिवा चालू होता. त्याच्या उजेडात, खिडकीच्या अगदी खाली, बॅटरीच्या पेटीपाशी अभय उकिडवा बसला होता. कंपनीची बॅग अजून खांद्याला होती. एका हातात पाना, दुसऱ्या हातात बॅटरीची नुकतीच सोडलेली वायर.

कारभाऱ्यांनी हळूच पडदा सोडला. अंधारातच जाऊन जागेवर बसले. डोळे पुसले, घसा खाकरला. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली.

"आबा, लाईट गेली का?"

"व्हय रे," कारभारी म्हणाले. "हे नवे बल्ब बी काय कामाचे नायत. ये, आत ये."