काचेवरचा तुकडा

आई गेली त्या दिवसापासून आमच्या विजेच्या काचेच्या शेगडीचा लाल दिवा विझेना. काच गरम असली की तो लागतो. प्लग काढून ठेवला. बायकोने काचेला हात लावून पाहिला, थंडगार होती. दिवा मात्र लागलेलाच.

पहिल्या भाकरीचा तुकडा आई चुलीला द्यायची. पिपरीच्या नव्या घरात ती तो या काचेवर ठेवू लागली. मी खेकसलो, "काऊन ठेवतं वं आई? डाग पडते ना!" त्यानंतर तिने कधीच ठेवला नाही.

आज मीच तुकडा ठेवला. "घे वं आई, आता मी काई म्हणत नाई."

तुकड्यातून धूर निघाला, खाली काचेवर डाग पडला. मग तुकडा हळूहळू सरकत ओट्यावर आला, आणि पदराने पुसावा तसा काचेवरचा डाग पुसला गेला.