वाढ नको

रवींद्र साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे सरकवला आणि सुदेशने हात मागे घेतला.

"साहेब, ही वाढ नको."

केबिनच्या काचेतून चार डोकी आत बघत होती. सुदेश सुपरवायझर होणार ही बातमी डोंबिवलीच्या त्या कारखान्यात सकाळीच फुटली होती, आणि पार्टी कुठे घ्यायची यावरून भांडणही होऊन गेलं होतं.

साहेब हसले. मॅनेजरच्या खुर्चीत बसून त्यांनी पगारासाठी रडणारे, रागावणारे, धडधाकट सासूला आजारी पाडणारे, सगळे पाहिले होते. वाढ नको म्हणणारा पहिलाच. म्हणजे गडी भाव खातोय, असा हिशेब त्यांनी लावला आणि तिथेच ते चुकले.

"महिना पाच हजार कमी वाटतात? चल, सहा करू."

"नको साहेब," सुदेश घाबरलाच. "मग तर अजून वर जाईल."

"काय वर जाईल?"

सुदेश खुर्चीच्या टोकावर बसला होता आणि टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता. त्याने सांगितलं ते असं. मुलगी सान्वी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलींना फी माफ. त्याचा पगार आणि बायको दर्शनाचा शहाडच्या दवाखान्यातला पगार मिळून गाडी कशीबशी आठच्या आत होती. वाढ घेतली की बाहेर. वर्षाला हातात येणार साठ हजार आणि कॉलेजात भरायचे सव्वा लाख. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

"दोन वर्षं थांबा ना साहेब. काम मी सुपरवायझरचं करतो, पगार आहे तोच राहू दे. सान्वी पास झाली की मग द्या."

"अरे, बढती दिली की वाढ लावावीच लागते. तुझ्या मुलीची फी बघून हेड ऑफिस चालत नाही."

सुदेशचा पाय थांबेना. दर्शनाला नोकरी सोडायला सांगावं, असंही क्षणभर त्याच्या मनात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. रात्रपाळ्या करून टिकवलेली नोकरी होती तिची.

"मग राहू दे," साहेब वैतागले. "बाहेरून घेतो कुणीतरी. इंजिनिअर पोरांचे बायोडेटा रोज येतात. परवाच कळव्याचा एक येऊन गेला. मेकॅनिकलचाच, फर्स्ट क्लास. अठरा हजारात यायला तयार आहे."

"अठरा?"

"सोळा म्हटलं तरी येईल."

सुदेशने नुसतं आयटीआय केलं होतं आणि त्याचा आत्ताचा पगार याच्या दुपटीहून जास्त होता. फर्स्ट क्लास तर सान्वीलाही होता, आणि त्या फर्स्ट क्लाससाठी त्याने घरात टीव्ही बंद ठेवला होता.

"येतो साहेब," म्हणून तो उठला. त्याने दार उघडलं. बाहेरच्यांनी अंगठे दाखवले. त्याने दार पुन्हा लावलं आणि टेबलापाशी परत आला.

"त्या पोराला घ्या साहेब. काम मी शिकवतो त्याला. पण पंचवीस तरी द्या."

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"स्वतःला पाच नको म्हणतोस आणि त्याच्यासाठी भांडतोस? तुझा कोण लागतो रे तो?"

"कोण नाय लागत," सुदेश म्हणाला. "पण भाव एकदा पडला की परत चढत नाय, साहेब. माझी पोरगी दोन वर्षांनी पास होईल."