छातीतली ओळ

सांगून कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण सदानंदकाका वर्टीकरांच्या छातीत बसवलेल्या नव्या यांत्रिक हृदयाने त्यांनीच लिहिलेला प्रोग्राम चालवायला नकार दिला. त्या काळात कुठलंही यंत्र माणसाला न समजलेला कोड चालवत नसे. कोणीतरी तो मोठ्याने वाचून अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा, आणि सांगणारा थापा मारतोय का, हे यंत्र आवाजावरून ओळखायचं.

ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्याही काकांची बढाई चालूच होती. "अख्खं हृदय एका ओळीत बसवलंय! वाच, रेणुका."

त्यांची शिष्या रेणुका वाचू लागली. कंसात कंस, त्यात आणखी कंस.

"समजलं," ती घाईने म्हणाली.

"खोटं," काकांच्या छातीतून हृदय म्हणालं.

"रक्त फिरवणारा बाहेरचा पंप बंद पडत आलाय," डॉक्टर ओरडले. "काका, तुम्हीच अर्थ सांगा!"

"म्हणजे बघा... हा आकडा मी इथे का घातला बरं..." काकांचे ओठ निळे पडू लागले.

रेणुकाने ती ओळ सरळ पुसून टाकली.

"अगं, आयुष्यभराची हुशारी आहे ती!"

"गप्प पडा, काका."

तिने नव्याने लिहिलं: रक्त आत घे. मागची झडप मिट. पुढची उघड. दाब. दम लागला तर वेग वाढव. तिने ते मोठ्याने वाचलं, आणि अर्थ सांगताना ती कुठेही अडली नाही.

धप्. मग पुन्हा धप्.

काकांच्या गालांवर रंग चढला. "बघितलंत, डॉक्टर? शेवटी माझीच ओळ चालली!"

"खोटं," त्यांच्या छातीतून आवाज आला.