दीपगृहाचा राखणदार

"हलला! हात हलला!" दुर्बीणकाका ओरडले आणि पार्किंगच्या गच्चीवर एकच गलका झाला.

ताईनं कोपरानं वाट काढत काकांच्या कॅमेऱ्याला डोळा लावला. कुंपणापलीकडे, लांबवर, मनोरंजन उद्यानाच्या नव्या बंदरनगरीतलं दीपगृह. इतके दिवस त्याची वरची काचेची खोली रिकामी होती. आता तिथे माणसाएवढी काळी आकृती उभी होती आणि डोक्यावर हात नेऊन हलवत होती.

"मेला खरं बोलत होता की!" ताई पुटपुटली.

मेला म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

गच्चीवरची ही मंडळी स्वतःला 'कुंपणकर' म्हणवून घेत. पाळण्यात बसायचं वय उलटलं तरी वेड काही गेलं नव्हतं. बंदरनगरी उघडायला अजून अवकाश होता, पण रोज कोणी ना कोणी इथे चढायचं, फोटो काढायचं, आणि मग फोनवरच्या गटात त्या फोटोंचा कीस पाडला जायचा. काल इथे बादली नव्हती, आज आहे, म्हणजे इथे विहीर होणार! बादली रंगारी विसरला असेल, असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. कुंपणाच्या आत दिसेल तो देखावाच, हे एकदा ठरूनच गेलं होतं.

ताई कपडे शिवायची, भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. राहायचे एकाच घरात, वेडही एकच, आणि भांडायला दोघांना कारण लागत नसे. या वेळी निमित्त दीपगृहाचं झालं. वरच्या खोलीत राखणदाराचा हलणारा बाहुला बसवणार, असं भाऊ छातीठोकपणे सांगत सुटला होता. ताईनं सगळ्या गटासमोर त्याची खिल्ली उडवली. "एवढं सांगतोस, बघून आलायस का?" गटात सगळे खो खो हसले. भाऊ तडक अर्ध्या जेवणावरून उठला, बाहेर पाऊस होता म्हणून दारामागची तिची लाल छत्री उचलली आणि चालता झाला.

खरं सांगायचं तर तिला भावापेक्षा छत्रीचंच जास्त लागलं. छत्री जुनी, पण जिवापाड जपलेली. मोडलेली काडी तिनं स्वतः हिरव्या लोकरीनं घट्ट बांधली होती. "आता तिला स्वेटरही विण," म्हणून भाऊ चिडवायचा.

तेव्हापासून त्याचा फोन बंद, दुकानाचं शटर खाली. त्याचं हे नेहमीचंच. रुसला की मावशीकडे जाऊन बसायचा, आणि मावशी भाच्याला पाठीशी घालायची.

"नाही गं आला इकडे," मावशीनं फोनवर सांगितलं होतं.

"बरं, नाही आला तर नाही. त्याला म्हणावं, छत्री तेवढी परत पाठव."

"अगं, खरंच..."

"मला नको सांगूस, मावशी. मागच्या खेपेलाही असंच म्हणालीस आणि तो तुझ्या मागे बसून जेवत होता."

आता गच्चीवर ताईला भरून आलं. पोरगा बरोबर होता आणि आपण त्याला चारचौघांत तोंडघशी पाडलं.

"पण काम तर बंद आहे ना?" कोणीतरी विचारलं. "वादळामुळे सगळ्यांना सुट्टी दिलीय म्हणे."

"म्हणूनच तर!" दुर्बीणकाका म्हणाले. "आसपास कोणी नसताना गुपचूप चाचणी घेतात. आणि वादळानं दीपगृहावर चढायची बांबूंची परांची कोसळली ते बरंच झालं बघा. तिनं सगळं झाकून टाकलं होतं. आता कसं मोकळं दिसतंय!"

सगळ्यांना पटलं. तेवढ्यात बाहुला दोन्ही हातांनी काचेवर थापा मारू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"जहाजांना धोक्याची खूण करतोय! काय डोकं चालवलंय लेकाच्यांनी!"

ताईनं हात उंच करून हलवला. बाहुल्यानंही दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले. "ताई, ओळखलं वाटतं तुम्हाला," काका म्हणाले, आणि ताई पोट धरून हसली.

घरी येऊन तिनं गटात, सगळ्यांच्या देखत लिहिलं, "भाऊराया, तू जिंकलास. चुकले मी. आता ये घरी." उत्तर आलं नाही. भाव खातोय, खाऊ दे, असं म्हणून तिनं मशीनवर उरलेल्या कापडाचा एक छोटा राखणदार शिवायला घेतला. भावाच्या टेबलावर ठेवायचा, काही न बोलता. मग हसेलच तो.

बाहुला पुढे हळूहळू मंदावला. हात खांद्याच्या वर जाईना. मग तो खाली बसला तो बसलाच. चाचणी संपली, असं गटानं ठरवलं. काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी इतका सुंदर बाहुला बनवल्याबद्दल कारागिरांचे आभार मानले.

वादळ सरलं, लख्ख ऊन पडलं. ताई कापडी राखणदाराला डोळ्याचं शेवटचं बटण लावत होती तेव्हा फोन वाजला. दुर्बीणकाकांनी कॅमेऱ्यासाठी नवं मोठं भिंग विकत घेतलं होतं आणि पहिलाच फोटो गटात टाकला होता. ताईनं दातांनी दोरा तोडला, हात पुसले आणि फोटो उघडला. खाली काकांचा निरोप होता.

"मंडळी, बारकावे बघा! बाहुला काचेला टेकवून बसवलाय, शेजारी लाल छत्री. आणि जरा मोठं करून बघा, छत्रीची मोडकी काडीसुद्धा हिरव्या लोकरीनं बांधलीय. याला म्हणतात काम!"